एका तबकडीवर दोन काळ

१९३५ साली लिऑन ॲबी आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. पुढे त्या मंचावर टेडी वेदरफोर्ड यांचा पियानो वाजला. गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट याच परंपरेतले. सी. रामचंद्रांचे संगीत असलेल्या ‘अलबेला’त (१९५१) त्यांचा ताफा पडद्यावरही दिसतो.

या जुन्या जॅझशेजारी अलीकडचा ‘स्मूद जॅझ’ घालून संकलन करायचे तर खरी अडचण येते ती आवाजाची. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. आवाज एकाच वाहिनीतला, वर खरखर. नव्यात संथ ठेका, गुळगुळीत सॅक्सोफोन, स्टिरिओचा ऐसपैस पसारा. त्यापुढे जुने दुबळे वाटते.

मग संकलक खरखर पुसायला बसतो आणि तिथेच घात होतो. झांजेची झळाळी, ट्रम्पेटची धार ज्या उंच कंपनांत असते, तिथेच खरखरही पसरलेली असते. जास्त पुसले की वादकच पुसला जातो. तडतड तेवढी काढावी आणि नव्या रचनांचा आवाज जुन्यांच्या पातळीवर उतरवावा. उलटे करणारे बरेच. मला ते पटत नाही.

क्रमही सालवार नको. लय आणि स्वर जुळतील अशा जोड्या लावाव्यात, म्हणजे संथ नव्या रचनेआधी जुने संथ नृत्यगीत. जुन्याची खरखर मात्र शेवटी हळूहळू विरू द्यावी. एकदम तोडली तर वीज गेल्यासारखे वाटते.