दुभती गाय आणि तिचं वासरू

छत्रपती संभाजीनगरहून पुण्याच्या रस्त्याने निघालात, की वाळूजची औद्योगिक वसाहत लागते. पाळी सुटली की माणसांचे लोंढे बाहेर पडतात. कित्येकांची चूल एखाद्या मालाच्या खपावर पेटत असते. मग कोणता माल वाढवावा आणि कोणता बंद करावा, हे कंपनी ठरवते तरी कशावर? आज तेवढंच पाहू.

अमेरिकेतील बोस्टनचे सल्लागार ब्रूस हेंडरसन यांनी १९७० साली एक सोपी रीत मांडली. प्रत्येक मालाबद्दल दोन प्रश्न विचारायचे. त्याचा बाजार वेगाने वाढतो आहे काय? आणि सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या मानाने आपला हिस्सा किती? शंभर गिऱ्हाइकांपैकी तीस आपली आणि वीस त्याची असतील, तर आपण दीडपट. म्हणजे आपण पुढे.

यातून चार घरं पडतात. बाजार वाढता आणि हिस्सा मोठा, तो ‘तारा’. कमावतो पुष्कळ, पण खातोही तितकंच. बाजार थंडावलेला पण हिस्सा मोठा, ती ‘दुभती गाय’. वैरण थोडी, दूध भरपूर. बाजार वाढता पण हिस्सा लहान, ते ‘प्रश्नचिन्ह’. आणि दोन्ही नाही, तो ‘कुत्रा’. शेत राखणाऱ्या इमानी जनावरावर हा अन्यायच, पण शब्द त्यांचा! नियम असा, की गाईचं दूध निवडक प्रश्नचिन्हांना पाजून त्यांचे तारे करावेत. पुढे बाजार थंडावला, की ताऱ्याचीच गाय होते.

आता आपल्या परिचयाचं उदाहरण घ्या. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. त्यांची चेतक स्कूटर १९७२ पासून बाजारात होती. ती मिळायला लोक वर्षानुवर्षे थांबत. नाव घोड्याचं, काम मात्र दुभत्या गाईचं! पुढे कमी पेट्रोलात जास्त पळणाऱ्या मोटारसायकली आल्या आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं.

इथेच खरी मेख आहे. ‘स्कूटरचा बाजार’ एवढंच पाहिलं, तर चेतक पुढेच दिसणार. ‘दुचाकींचा बाजार’ म्हटलं, की तोच हिस्सा घसरलेला दिसतो. माल तोच, पण बाजाराची सीमा कुठे आखली, यावर घर बदलतं. सुदैवाने कंपनीने १९८६ मध्येच कावासाकीच्या साथीने मोटारसायकल आणली होती. वासरू गोठ्यात होतं. २००१ साली पल्सर आली आणि २००९ च्या अखेरीस कंपनीने स्कूटरमधून अंग काढून घेण्याचं जाहीर केलं.

पण गोष्ट संपली नाही. बिनगिअरच्या स्कूटरचा बाजार नंतर फोफावला, तो इतरांच्या हाती. २०२० च्या जानेवारीत चेतक पुन्हा विक्रीला आली, या खेपेस विजेवर चालणारी.

तेव्हा ही चार घरं म्हणजे आजचा फोटो, जन्मपत्रिका नव्हे. आपलं गुलमंडीवर छोटं दुकान असलं, तरी एका संध्याकाळी वही घेऊन बसा. प्रत्येक जिन्नस त्याच्या घरात लिहा. आणि शेवटी स्वतःला विचारा: गाय आज दूध देते आहे खरी, पण गोठ्यात वासरू आहे ना?