दहा रुपयांची बंदूक

नक्कल करावयासही अक्कल लागते, असें आपल्याकडे लोक सहज बोलून जातात. या बोलण्यांत किती तथ्य आहे व त्याची मर्यादा कोठें आहे, हें समजण्यास मराठ्यांच्या इतिहासांतील एका वस्तूची हकीकत फार उपयोगी पडते. ती वस्तु म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस आग्र्यास तयार होणारी बंदूक. ती उत्तम विलायती बंदुकीची नक्कल होती, आणि तिला खर्च अवघा दहा रुपये येई, असें नमूद आहे. ही हकीकत विद्यार्थिवर्गापुढें व त्यांच्या पालकांपुढें थोडक्यांत मांडावी, असा आमचा हेतु आहे.

प्रथम त्या बंदुकीची रचना पाहूं. आपल्याकडील जुनी बंदूक तोड्याची असे. जळता तोडा कानांतील दारूस लागला म्हणजे आंतील दारू पेट घेई व गोळी सुटे. ही बंदूक लांब नळीची व नेमास चांगली असे. तथापि तोडा सतत पेटता ठेवावा लागे, पावसानें तो विझे, अंधारांत त्याचा निखारा शत्रूस दिसे, आणि जवळ दारू बाळगणारे शिपाई खांद्यास खांदा लावून उभे राहिले तर एका ठिणगीनें अनर्थ होण्याचें भय असे. विलायती बंदुकींत तोड्याच्या जागीं गारगोटी होती. चाप ओढला कीं घोड्याच्या तोंडांत धरलेली गारगोटी पोलादी पट्टीवर आपटे, ठिणग्या पडत व दारू पेटे. इंग्रजांची अशी बंदूक सुमारें दहा पौंड वजनाची असून तिच्या नळीचें तोंड पाऊण इंच रुंद असे. पुढें संगीन बसे, म्हणून बार संपले तरी ती भाल्याचें काम करी. नळी आंतून गुळगुळीत असल्यामुळें शंभर यार्डांपलीकडे नेम धरण्यांत फारसा अर्थ नसे; परंतु कवाइती शिपाई मिनिटास दोन-तीन बार काढीत, आणि सबंध पलटणीनें एकदम बार काढला म्हणजे समोरच्या घोडदळास टिकाव धरणें कठीण जाई.

महादजी शिंदे यांनीं १७६१ सालीं पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचें कवाइती पायदळ लढतांना पाहिलें होतें. त्याच रणांत ते स्वतः जखमी झाले. पुढें इंग्रजांशीं झालेल्या युद्धांतही त्यांस कवाइती पायदळाचें बळ दिसून आलें. १७८५च्या सुमारास त्यांनीं सॅव्हॉय प्रांतांतील डि बॉयन नांवाच्या सरदारास चाकरीस ठेविलें व त्याजकडून नव्या धर्तीच्या पलटणी उभ्या करविल्या. पलटणी झाल्या, पण हत्यारें कोठून आणावयाचीं? विलायती माल समुद्रापलीकडून यावयाचा, आणि तो ज्यांच्या हातीं त्यांच्याशींच उद्यां लढण्याचा प्रसंग यावयाचा. तेव्हां हत्यारें घरींच करणें भाग होतें. सँगस्टर नांवाचा एक स्कॉटलंडचा कारागीर पूर्वी गोहदच्या राण्याकडे होता. त्यास आग्र्याच्या कारखान्यावर नेमण्यांत आलें. त्यानें तेथें उत्तम तोफा ओतल्या व बंदुकाही करविल्या.

एवढ्या थोड्या खर्चांत हें काम कसें साधलें? याचीं कारणें साधींच आहेत. ग्वाल्हेरच्या बाजूस लोखंड होतें. लांकूड व कोळसा जवळ मिळे. कारागिरांची मजुरी थोडी होती. आणि मुख्य म्हणजे पिढ्यान् पिढ्या तोड्याच्या बंदुका करणारे लोहार व सुतार देशांत होतेच. नळी घडविणें, दस्ता तासणें, गज करणें, हीं कामें त्यांस नवीन नव्हतीं. नवें होतें तें चापाचें यंत्र: त्यांतील कमान फार ताठ नको व फार ढिली नको, आणि पट्टीचें पोलाद ठिणगी पडेल इतकें कठीण असावें. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्या काळीं खुद्द युरोपांतही बंदुकीचा प्रत्येक भाग कारागीर कानशीनें घासून बसवीत असे. एका बंदुकीचा भाग दुसरीस लागत नसे. म्हणजे मूळ वस्तु हातानें केलेली होती, म्हणून तिची नक्कलही हातानें साधली.

आमचें हदगाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, म्हणून तिकडील हकीकतही सांगितली पाहिजे. निजामानेंही रेमंड नांवाच्या फ्रेंच सरदारास चाकरीस ठेवून हैदराबादेस तोफा ओतण्याचा कारखाना काढला होता. शहराचा तो भाग आजही गनफौंड्री या नांवानें ओळखला जातो. १७९५ सालीं खर्ड्याच्या लढाईंत एका बाजूस रेमंडच्या पलटणी व दुसऱ्या बाजूस शिंद्यांचे कंपू असे उभे राहिले. दोहोंकडे विलायती कवाईत, दोहोंकडे परदेशी सरदार! मराठ्यांचा जय झाला व निजामास तह करावा लागला.

पण आठच वर्षांनीं कसोटीचा दिवस उगवला. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आजच्या जालना जिल्ह्यांतील असई या गांवीं शिंदे व भोसले यांच्या सैन्याची इंग्रजांशीं गांठ पडली. शिंद्यांच्या तोफांनीं असा मारा केला कीं, इंग्रजांचे पंधराशेंहून अधिक लोक मेले अथवा जखमी झाले. सेनापति वेलस्ली यानें पुढें वॉटर्लूचा जय मिळविला, तरी असईची आठवण तो जन्मभर काढीत असे. हातीं आलेल्या तोफांची त्यानें मुक्तकंठानें स्तुति केली. मग अपजय कां आला? हत्यार उणें होतें म्हणून नव्हे. युद्ध सुरू होतांच शिंद्यांच्या चाकरींतील कित्येक परदेशी अधिकारी सोडून गेले. मुख्य सेनापति पेराँ यानेंही त्याच महिन्यांत चाकरी सोडली. पलटणी चालविण्याची विद्या ज्यांच्या डोक्यांत होती, तेच निघून गेले. बंदुकीची नक्कल झाली होती. त्या विद्येचा वारसा मात्र आपल्या लोकांकडे आला नव्हता.

दुसरें कारण हळूहळू पुढें आलें. १७८५ सालींच पॅरिस येथें ब्लाँ नांवाच्या कारागिरानें, एकाच मापाचे भाग कोणत्याही बंदुकीस बसतात, असें जेफर्सन या अमेरिकन वकिलास करून दाखविलें. त्या कल्पनेंतून पुढें यंत्रांनीं बंदुका करण्याची रीत निघाली. नंतर नळीस आंतून पिळाच्या खांचा पाडलेली रायफल सर्वत्र प्रचारांत आली. त्या खांचांमुळें गोळी स्वतःभोंवतीं फिरत जाते व दूरवर सरळ राहते. १८५७ सालीं गाजलेली एन्फील्ड बंदूक अशीच होती. ती यंत्रावर हजारोंनीं होऊं लागल्यावर गांवच्या ऐरणीवर तिची बरोबरी करणें कोणास शक्य होतें?

स्वतंत्र हिंदुस्थानानेंही याच वाटेनें प्रवास केला आहे. १९६२च्या युद्धानंतर बंगालमधील इशापूरच्या कारखान्यांत बेल्जियन धर्तीची रायफल होऊं लागली. पुढें पुण्याच्या शस्त्रसंशोधन संस्थेनें स्वतः आराखडा करून ‘इन्सास’ ही रायफल सिद्ध केली. तिच्यांत दोष निघाले हें खरें. पण ज्यानें आराखडा केला त्यास दोष कोठें आहे हें शोधतां येतें. नुसती नक्कल करणारास तेंही कळत नाहीं.

शस्त्रें करणें हें परवान्याचें व राज्याच्या जबाबदारीचें काम आहे. तें मुलांनीं करून पाहण्याचें नव्हे. मात्र या हकीकतीचा बोध शाळेंतही लागू आहे. शेजाऱ्याच्या वहींतून उतरविलेलें गणित दहा रुपयांच्या बंदुकीसारखें असतें. तें त्या दिवशीं चालून जातें. परंतु आंकडे बदलले कीं रीत ठाऊक असणाराच टिकतो. पालकांनीं मुलास उत्तर काय आलें हें विचारावेंच, पण तें कसें आलें हेंही विचारावें, एवढीच आमची विनंती आहे.