खांबावरून आलेले इंटरनेट

फायबरची केबल फारशी महाग नसते. खर्च आणि वेळ जातो तो ती जमिनीत पुरण्यात. रस्ता खोदायचा तर बांधकाम खाते, वन खाते, रेल्वे, ग्रामपंचायत अशा प्रत्येक दारी परवानगी मागायची. पुढे रस्तारुंदीकरणाचा जेसीबी आला की केबल तुटणार. अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. तेच आजचे भारतनेट. त्याच्या वेळापत्रकाचा बराच भाग या खोदकामाने खाल्ला.

केरळने खोदकाम टाळायचे ठरवले. मार्च २०१७ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री थॉमस आयझॅक यांनी इंटरनेट हा नागरिकांचा हक्क मानून के-फॉन या राज्याच्या फायबर जाळ्याची घोषणा केली. त्याच वर्षी मेमध्ये राज्याचे संपूर्ण विद्युतीकरण झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे वस्तीवस्तीत विजेचे खांब उभेच होते, आणि ते राज्य वीज मंडळाचे होते. त्यांवरूनच केबल ओढायची, जोडणीची यंत्रे मंडळाच्या उपकेंद्रांत ठेवायची. अशी ३७५ केंद्रे ठरली. के-फॉन कंपनीत मंडळाचा वाटा ४९ टक्के. नवे उभारण्याआधी सरकारने स्वतःकडे काय आहे ते पाहिले, हे मला या योजनेतले खरे शहाणपण वाटते.

गरज किती तीव्र होती, ते जून २०२० मध्ये दिसले. टाळेबंदीत केरळने ‘व्हिक्टर्स’ या आपल्या शैक्षणिक वाहिनीवरून ‘फर्स्ट बेल’ हे वर्ग सुरू केले. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता, त्या मुलांची वाचनालयांत, शेजारीपाजारी सोय केली. हे मोठे काम होते. पण पडद्यावरच्या बाईंना मुलाने शंका विचारायची कशी? त्याआधीच, सप्टेंबर २०१९ मध्ये, वसतिगृहातील मोबाइलवापरावरच्या निर्बंधांविरुद्ध एका विद्यार्थिनीने केलेल्या याचिकेवर केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या हक्काचा भाग ठरवला होता.

के-फॉन दीड वर्षात उभे करण्याचे आश्वासन मात्र लांबत गेले. उद्घाटन ५ जून २०२३ रोजी झाले. उद्दिष्ट होते तीस हजारांवर सरकारी कार्यालये व शाळा, आणि वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी. पहिल्या टप्प्यात विधानसभा मतदारसंघामागे शंभर कुटुंबे, म्हणजे सगळी मिळून चौदा हजार. विरोधकांनी कंत्राटांवर प्रश्न उचलले, आणि जनतेचा पैसा असताना ते उचललेच पाहिजेत. तरी पायाभूत मांडणी मला योग्यच वाटते.

महाराष्ट्रात भारतनेटचा दुसरा टप्पा महानेट नावाने राज्याने स्वतःकडे घेतला. त्यातली केबल ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत येते. तिथून जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंतचे शे-दोनशे मीटर कोण जोडणार? वीजबिल थकल्याने शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तिथे राउटर बसवून फोटो काढला म्हणजे शाळा जोडली गेली असे नव्हे. दरमहा बिल कोणत्या लेखाशीर्षातून भरायचे आणि केबल तुटल्यावर मुख्याध्यापकांनी फोन कोणाला करायचा, हे शासन निर्णयात नावानिशी लिहून हवे.