कामाची जागा आणि मनाचे आरोग्य



आपल्यापैकी अनेकांची उमर दिमोना, बेअर शेवा, लोद येथील कारखान्यांत गेली. त्या काळी "पाठ दुखते" असे फोरमनला सांगता येई. "झोप येत नाही, मन थाऱ्यावर नाही" असे सांगण्याची सोय नव्हती. 7 ऑक्टोबर 2023 नंतर आपली मुले-नातवंडे कित्येक महिने मिल्लुईमवर राहून पुन्हा कामावर हजर झाली आहेत. तेव्हा मालकाने त्यांच्यासाठी काय करावे, हे आपणही समजून घ्यायला हवे.

मनाचा आजार कामावर पुष्कळदा आळसासारखा दिसतो. माणूस उशिरा येतो, चुका करतो, क्षुल्लक बोलण्यावर चिडतो, शटर धाडकन पडले की दचकतो. जाणता साहेब त्याला लगेच रागे भरत नाही. बाजूला बोलावून विचारतो, "काय बदलले तर तुला काम सोपे जाईल?" आजाराचे नाव विचारण्याची गरज नसते, आणि जे कळेल ते चारचौघांत बोलायचे नसते. अधिकाऱ्यांना याचे शिक्षण द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली केली आहे.

विचारपूस केल्यावर कामातही बदल करावा लागतो. काही आठवडे कमी तास, रात्रपाळीतून सूट, गोंगाटापासून दूर जागा, उपचारासाठी ठरलेला वेळ, असे साधेच उपाय असतात. तिघांचे काम एकट्यावर टाकले असेल, तर आधी तो भार उतरवावा. यात मालकाचेही हित आहे. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगभरात दरवर्षी सुमारे 1,200 कोटी कामाचे दिवस बुडतात, असा या संघटनेचा अंदाज आहे.

इस्राएलात कायद्याचाही आधार आहे. डॉक्टरांचा दाखला असेल तर मनाच्या आजारासाठीही आजारपणाची रजा मिळते. 1976 च्या कायद्याप्रमाणे पहिल्या दिवसाचा पगार नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा अर्धा, आणि चौथ्या दिवसापासून, रजा शिल्लक असेपर्यंत, पूर्ण. काही ठिकाणी करारामुळे याहून अधिक मिळते. 1998 चा अपंगांच्या समान हक्कांचा कायदा मानसिक व्याधीलाही लागू आहे. व्याधीमुळे रोजच्या जगण्यात मोठी अडचण येत असेल, तर झेपतील असे बदल, ज्यांना हिब्रूत 'हतामोत' म्हणतात, करून देणे मालकावर बंधनकारक आहे.

आता आपले काम. नातू कामाला कंटाळलेला दिसला, तर "सोस, नोकरी सांभाळ" असे म्हणण्याची आपली जुनी सवय सोडूया. आधी त्याचे ऐकून घ्यावे, मग कुपात होलिमच्या डॉक्टरांकडे जायला सांगावे. जुलै 2015 पासून मानसिक उपचारांची जबाबदारी कुपात होलिमवरच आहे. रात्री-अपरात्री मन घाबरले तर 'एरान' संस्थेचा फोन 1201 चोवीस तास चालू असतो. युद्धाच्या आघातासाठी 'नताल' संस्थेचा क्रमांक 1-800-363-363 आहे.

हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ ठेवा. नातवंडांप्रमाणे ते आपल्यालाही उपयोगी पडतील.