आधी कारण, मग पाना

जुन्या मोटारीचे इंजिन उघडताना सुरुवातीचे काम बहुधा सुरळीत होते. कार्ब्युरेटर उतरतो, मॅनिफोल्ड सुटतो, रॉकर शाफ्ट निघतो, हेडचे नटही थोडे कुरकुरत का होईना सैल होतात. गाडी अडते ती पुढे. नट निघालेले असतात, वरून पाहता हेडला धरून ठेवणारे काहीच उरलेले नसते, तरीही हेड ब्लॉकवरून तसूभर हलत नाही. अशा वेळी हात छिन्नीकडे, पहारीकडे नाहीतर पान्याला जोडायच्या लांब पाइपकडे जातो. तो आधी थांबवावा, कारण भाग कशाने धरला गेला आहे हे ओळखले की तो सोडवायला जोर फारच कमी लागतो. कारण न ओळखता लावलेला जोर मात्र अडलेल्या जागी न लागता जवळच्या सर्वांत कमकुवत जागी लागतो. स्टड तुटतो, आटे जातात किंवा हेडला तडा जातो, आणि हेड असते तिथेच राहते.

धरून ठेवणारी गोष्ट नेमकी कोणती? मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये 1964 पासून तयार झालेली फियाट 1100 डिलाइट, म्हणजे पुढे ‘पद्मिनी’ या नावाने टॅक्सी म्हणून घराघरात पोचलेली गाडी, आणि 1948 साली लंडनच्या प्रदर्शनात आलेले जग्वारचे एक्सके इंजिन यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. पण एका बाबतीत दोन्ही सारखीच: ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम हलके असते आणि उष्णता चटकन बाहेर टाकते, म्हणून ही जोडी जमवली गेली. मात्र दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये क्षारयुक्त पाणी आले की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजते ते ॲल्युमिनियम. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी वर्षानुवर्षे नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतले जाते, नंतर गाडी शेडमध्ये उभी राहते, आणि ही झीज मुकाट चालू असते. जग्वारच्या लांब पोलादी स्टडभोवती हेडमध्ये जी बारीक फट असते, तिथे पांढरी भुकटी साठत जाते. ही भुकटी, तसाच लोखंडाचा गंज, मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. गंज तर कित्येक पट फुगतो. म्हणजे हेड आणि स्टड एकमेकांना चिकटलेले नसतात, त्यांच्यामधल्या फटीत एक तिसराच पदार्थ ठासून भरलेला असतो.

हे एकदा ध्यानात आले की उपायांची निवड अंदाजाने करावी लागत नाही. भेदक तेल गंज विरघळवत नाही. ते गंजातल्या बारीक भेगांमधून आत झिरपते आणि घर्षण कमी करते. झिरपायला त्याला वेळ लागतो, म्हणून फवारा मारून पाच मिनिटांत पाना लावणे म्हणजे तेल वाया घालवणे. डब्ल्यूडी-40 हे आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे द्रव्य 1953 साली अमेरिकेत तयार झाले ते धातूवरचे पाणी हटवून गंज रोखण्यासाठी, तेव्हा मुरलेल्या गंजावर खास भेदक तेल अधिक बरे. उष्णतेचे गणित वेगळे आहे. तापमान 100 अंशांनी वाढले तर ॲल्युमिनियममधले 10 मिलिमीटरचे भोक सुमारे 0.023 मिलिमीटरने मोठे होते, त्यातला पोलादी स्टड मात्र सुमारे 0.012 मिलिमीटरनेच वाढतो. उरलेला फरक मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढा असतो, पण ठासलेला थर फोडायला तो अनेकदा पुरतो. याउलट लोखंडी सिलिंडरमध्ये लोखंडी रिंगा गंजून पिस्टन अडला असेल, तर दोन्ही धातू जवळपास सारखेच फुगतात आणि तापवून फारसे काही साधत नाही. तिथे प्लगच्या भोकातून तेल ओतून काही दिवस मुरू देणे हाच मार्ग. शिवाय ॲल्युमिनियम सुमारे 660 अंशांना वितळते आणि वितळण्याआधी लोखंडासारखे लालबुंद होऊन इशारा देत नाही. म्हणून गॅसच्या ज्योतीपेक्षा हॉट एअर गन बरी, आणि तापवायचे ते ज्वलनशील तेल ओतण्याच्या आधी.

उचलण्याची वेळ आली की हेड आणि ब्लॉकच्या सांध्यात छिन्नी ठोकण्याचा मोह होतो. पण गॅस्केटला बसायला तोच सपाट पृष्ठभाग लागतो. त्यावर एक ओरखडा उठला तर पुढे हेड फेसिंगला टाकावे लागते, आणि ओरखडा ब्लॉकवर असेल तर काम आणखी वाढते. त्यापेक्षा जुन्या मिस्त्रींची दोरीची युक्ती सरस, मात्र इंजिन हाताने फिरू शकणारे असायला हवे. रॉकर शाफ्ट काढलेला असल्याने सगळे व्हॉल्व्ह बंद असतात. पिस्टन खाली आणून प्लगच्या भोकातून मऊ सुती दोरी आत सरकवत जायची, टोक बाहेर ठेवायचे, आणि क्रँकला पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवायचे. वर येणारा पिस्टन दोरीचा गठ्ठा हेडवर दाबतो आणि हेड आतून, सरळ वरच्या दिशेने ढकलले जाते. नट पूर्ण न काढता चार आटे मागे घेऊन ठेवले, तर हेड सुटताना उसळत नाही. जोर इथेही लागतोच, पण नेमक्या दिशेने लागतो.

यावर कोणी म्हणेल, गॅरेजमधला मिस्त्री हातोडीचे दोन दणके देतो आणि काम होते, मग एवढे शास्त्र कशाला? दणका खरोखरच उपयोगी पडतो, पण त्यामागे कारण आहे. गंजाचा थर कडक आणि ठिसूळ असतो. हलक्या, वारंवार ठोक्यांनी त्याला भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते. पान्याला पाइप लावून दिलेला पीळ हा वेगळाच प्रकार आहे: तो थर फोडण्याआधी स्टडलाच पिळवटतो. दुसरा आक्षेप वेळेचा. दोन दिवस गाडी अडवून ठेवणे गॅरेजला परवडत नाही, हे खरे. पण तुटलेल्या स्टडचा हिशेबही मांडायला हवा. त्यात मधोमध भोक पाडून ईझी-आउट घातला आणि तोच आत मोडला, तर त्याच्या कडक पोलादात साधे ड्रिल चालत नाही. मग तुटक्या टोकावर नट वेल्ड करून पाहायचा, नाहीतर ब्लॉक टूलरूममध्ये नेऊन स्पार्क इरोजनने तुकडा काढायचा. तुकडा ॲल्युमिनियममध्ये अडकला असेल तर आणखी एक सौम्य उपाय आहे: तुरटीच्या गरम द्रावणात पोलाद हळूहळू विरघळते आणि ॲल्युमिनियमला फारशी इजा होत नाही. घड्याळजी पितळेत मोडलेले स्क्रू याच पद्धतीने काढत आले आहेत. पण यांतल्या कोणत्याही उपायापुढे तेल मुरण्याचे दोन दिवस स्वस्तच पडतात.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: इंजिनच बदलून टाकावे, एवढा जीव कशाला काढायचा? रोजच्या वापराच्या गाडीसाठी हा सल्ला योग्यही ठरेल. पण 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते ती मूळ स्वरूप टिकवलेल्या गाड्यांना. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी त्या व्याख्येत बसत नाही. अशा गाडीचा ब्लॉक गमावला तर नवा कारखान्यातून येत नाही.

अर्थात तेल, उष्णता आणि ठोके यांच्या अनेक फेऱ्या होऊनही काही हलत नाही, अशी वेळ येते. तेव्हा काहीतरी कापावेच लागते. काय कापायचे, हे मात्र आधीच ठरलेले असावे. स्टड नवा मिळतो, लेथवर करूनही घेता येतो. पिस्टन शोधला तर मिळतो. हेड मिळणे अवघड, ब्लॉक मिळणे त्याहून अवघड. म्हणून बळी द्यायचा तो याच क्रमाने, आणि ब्लॉकवर छिन्नी कधीच नाही. जोडणी करताना स्टडला अँटी-सीझ लावले आणि रेडिएटरमध्ये गंजरोधक कूलंट भरले, तर पुढच्या वेळी हा निर्णय घेण्याची पाळी येण्याची शक्यता पुष्कळच कमी होते.