पाण्यात उतरण्याआधी खरे सांगा

सिंधुदुर्ग किल्ला ज्या खडकाळ कुरटे बेटावर १६६४ पासून बांधला गेला, त्या बेटाजवळच्या पाण्यात मालवणचे होडीवाले स्नॉर्केलिंग करवतात. डोळ्यांवर काचेचा मास्क, तोंडात श्वासाची नळी, अंगात लाइफ जॅकेट. माणूस पालथा तरंगत खालचे मासे पाहतो. यंदा हिवाळ्यात वस्तीतल्या अकरा जणींना घेऊन आम्ही दोघी कार्यकर्त्या एका दिवसासाठी तिथे गेलो.

अकरातल्या दहा जणींना पोहता येत नव्हते. आम्हाला नवल वाटले नाही. आपल्या आजी-आजोबांना गावची विहीर बंद होती. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. पाण्याला शिवायचीच बंदी, तिथे पोहायला शिकणार कुठे?

जेटीवर आम्ही विचारले: कोणाला दमा, हृदयविकार, फिट, फुटलेला कान, पोटात बाळ? सगळ्या ‘नाही’ म्हणाल्या. चूक आमची, सगळ्यांसमोर विचारले. होडी निघाल्यावर एक जण कानाशी येऊन म्हणाली, “ताई, मला फिट येते. कोणाला सांगू नका, मुलीचं लग्न ठरायचंय.” प्रवासाच्या गडबडीत दोन दिवस गोळीही चुकली होती. आम्ही तिला पाण्यात उतरू दिले नाही. ती रडली, रागावलीही.

पण स्नॉर्केलिंगमध्ये तोंड पाण्यातच असते. तसे असताना फिट आली तर ना हाक मारता येते, ना हात हलवून बोलावता येते. लाइफ जॅकेट अंग तरंगत ठेवते, तोंड वर राहीलच असे नाही. फिट हा मेंदूचा आजार आहे, बाहेरची बाधा नव्हे. रोजची गोळी न चुकवल्यास बऱ्याच जणांच्या फिट आटोक्यात राहतात.

नदी, खाण, विहीर, कुठेही कोणी बुडताना दिसले तर स्वतः उडी घेऊ नका. दोरी, साडी, रिकामा बंद कॅन टाका. बाहेर काढलेल्याचे पोट दाबू नका, उलटे टांगू नका. श्वास नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि २ श्वास, असे चालू ठेवा. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच.

हे तिच्या परवानगीने लिहीत आहोत. परतल्यावर आठवड्याने ती मुलीला घेऊन आमच्याकडे आली. गोळ्यांची वही आता मुलगीच लिहिते.