देवमाशाचे कूळ: डीएनए खरा की हाडे?

प्राण्यांची नाती ठरवताना पूर्वी दात, कवटी आणि पायांची हाडे पाहत. आता डीएनएही वाचतात. दोन्ही साक्षी जुळल्या नाहीत, की एक खरी आणि दुसरी खोटी, असा समज होतो. देवमाशाच्या कुळाचा वाद पाहिला की हा समज टिकत नाही.

गैरसमज: दिसायला सारखे, ते नात्याने जवळचे.

वस्तुस्थिती: बाकदार चोच आणि तीक्ष्ण नख्यांमुळे ससाणा आणि गरुड एकाच गणात गणले जात. २००८ मधील पक्ष्यांच्या मोठ्या जनुकीय अभ्यासात ससाणा गरुडापेक्षा पोपटाला जवळचा निघाला. शिकार करून जगणाऱ्या दोन वेगळ्या कुळांत सारखे अवयव स्वतंत्रपणे घडू शकतात.

गैरसमज: डीएनएने हाडांना खोटे पाडले.

वस्तुस्थिती: दातांच्या साम्यावरून देवमाशांचे नाते मेसोनिकिड या नामशेष मांसाहारी प्राण्यांशी जोडले जाई. १९९० च्या दशकातील जनुकीय पुरावा मात्र गाय-हरणांच्या समखुरी गणाकडे आणि त्यातही पाणघोड्याकडे बोट दाखवू लागला. या नात्याबद्दलची जीवाश्मतज्ज्ञांची शंका रास्त होती. समखुरी प्राण्यांची हमखास खूण म्हणजे घोट्यातले एक हाड. त्याची दोन्ही टोके कप्पीसारखी असतात. आजच्या देवमाशांना मागचे पायच नाहीत, मग पडताळणी कशी करायची?

याचे उत्तर पाकिस्तानातल्या खडकांत मिळाले. फिलिप जिंजरिच आणि हान्स थेविसन यांच्या गटांनी २००१ मध्ये सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या, पाय असलेल्या देवमाशांचे सांगाडे मांडले. घोट्याच्या हाडाला दोन्ही टोकांना कप्पी होती. मेसोनिकिडांची बाजू धरणाऱ्या जिंजरिच यांनी आपले मत बदलले.

गैरसमज: म्हणजे देवमासा पाणघोड्यापासून निपजला.

वस्तुस्थिती: नाही. दोघांचा पूर्वज एक होता. पाणघोड्याच्या कुळाचे ज्ञात जीवाश्म आद्य देवमाशांपेक्षा कोट्यवधी वर्षांनी अलीकडचे आहेत.

गैरसमज: जनुके कधी चकवत नाहीत.

वस्तुस्थिती: प्रतिध्वनीवरून वाट काढणारी वटवाघळे आणि डॉल्फिन यांच्यात ऐकण्याशी संबंधित प्रेस्टिन या जनुकात सारखेच बदल झाले आहेत. केवळ त्याच्या प्रथिनावरून वंशवृक्ष काढला, तर हे दोघे सख्खे नातलग ठरतात! म्हणून संशोधक एकाच जनुकावर विसंबत नाहीत. अनेक जनुके एकत्र तपासतात.

गैरसमज: आता हाडांचे काम संपले.

वस्तुस्थिती: डीएनए काळाच्या ओघात तुटत जातो. ग्रीनलंडमधून वाचलेला सर्वांत जुना डीएनए सुमारे वीस लाख वर्षांचा आहे, तर देवमाशांची गोष्ट पाच कोटी वर्षांची. २००७ मध्ये थेविसन आणि सुनील बाजपेयी यांच्या गटाने जम्मू-काश्मीरमधील कालाकोटच्या खडकांतला इंडोह्यूस हा छोटा समखुरी प्राणी अभ्यासला. तोवर केवळ देवमाशांची खूण मानला जाणारा कानाच्या हाडाचा जाड भाग त्याच्यातही होता. जमिनीवरच्या प्राण्यांशी देवमाशाला जोडणारा हा दुवा डीएनएतून हाती लागलाच नसता.